पन्नास पुस्तकांची पैज

साडेसात वाजून गेले तरी चार नंबरची खुर्ची रिकामीच होती.

सिस्टरने मशीन केव्हाच तयार ठेवलं होतं. नळ्या लावून झाल्या, सुया ट्रेमध्ये मांडल्या, चिकटपट्टीचे तुकडेही कापून झाले. ड्रायव्हरकाका कधी उशिरा येत नसत. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस वेळेवर पोहोचवलेला माणूस. डायलिसिसलाही सात म्हणजे सात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर खेपेला चार तास.

बाकीच्या पाच खुर्च्या भरल्या होत्या. कोणी काही विचारलं नाही. या खोलीत रिकाम्या खुर्चीबद्दल कोणी विचारत नाही. दोन नंबरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

सिस्टरने फोन लावला. काका-काकूंचा दोघांत मिळून एकच फोन. तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

शुक्रवारी काकांचं प्रेशर एकदम खाली आलं होतं. पाय वर करून, सलाईन देऊन तिने त्यांना कसंबसं सावरलं. जाताना त्यांनी हातातलं पुस्तक अर्धवटच तिला परत दिलं. "राहू दे तुझ्याकडे. आज अक्षरं नाचतायत." तेव्हा ती हसली होती. आता ते बोलणं डोक्यातून जाता जाईना.

पुस्तकांचं हे खूळ मुळात तिचंच. काका नवे होते तेव्हा चार तास भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसायचे. ना बोलणं, ना हसणं. एक दिवस वैतागून तिने आपल्या पर्समधलं पुस्तक काढून त्यांच्या मोकळ्या हातात ठेवलं. "काका, तुम्ही डोळे वटारलेत म्हणून घड्याळ काही घाबरून पळणार नाही. त्यापेक्षा हे वाचा." खुनाची गोष्ट होती. त्या दिवशी मशीन बंद झालं, पट्टी बांधून झाली, तरी काका जागचे हलेनात. "थांब गं, खुनी सापडू दे."

तिथून देवाणघेवाण सुरू झाली. तिला रहस्यकथा आवडायच्या, त्यांना समुद्रावरच्या. ती म्हणायची, तुमच्या पुस्तकांत पहिली शंभर पानं नुसता वारा सुटतो. ते म्हणायचे, तुझ्या पोलिसांना कोणी जेवायला तरी घाला. जानेवारीत काकांनी पैजच लावली. वर्षभरात पन्नास पुस्तकं. जो मागे पडेल त्याने दुसरा सांगेल ते पुस्तक निमूट वाचायचं, मग ते कितीही जाड असो. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून दोन याद्या चिकटल्या. आता ऑक्टोबर संपत आला होता. काका एकेचाळीस, सिस्टर छत्तीस.

साडेनऊला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"सिस्टर, मी काकू बोलतेय." आवाज पार बसलेला. सिस्टरने कपाटाला पाठ टेकली.

"काकू, काका..."

"अगं, किडनी मिळाली त्यांना!"

काकूंना आता कोणी थांबवू शकत नव्हतं. "काल संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला. लगेच निघा म्हणाले. आम्ही असे धावत सुटलो की फोन घरीच राहिला. चपला बघशील तर एक माझी, एक शेजारणीची! या बाकावरच्या बाईंनी त्यांचा फोन दिला, तुझा नंबर फाईलवर सापडला. पहाटे आत नेलं. आत्ता डॉक्टर येऊन सांगून गेले. किडनी चालू झाली, सिस्टर. पिशवी भरतेय! दीड वर्षात थेंब नव्हता, आणि आता भराभर भरतेय!"

लघवीच्या पिशवीची बातमी ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटलं नसतं. सिस्टरने बाहीने डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं की खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली आहेत.

"काय झालं? सांगून टाका हो एकदाचं," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"किडनी मिळाली काकांना. चालू पण झाली."

सुया टोचलेले हात हलवता येत नव्हते, म्हणून टाळ्या काही वाजल्या नाहीत. पण पाच मोकळ्या हातांनी पाच खुर्च्यांचे हात असे बडवले की बाहेरून वॉर्डबॉय धावत आला. शिक्षिकाबाईंनी चादर कधी खाली सारली ते त्यांनाही कळलं नाही. सिस्टर चार नंबरच्या खुर्चीतच मटकन बसली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होती.

मग फोनवर काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "कोणाच्या तरी घरी आज रडारड चाललीय गं. आणि मी इथे हसतेय."

"हसा काकू. त्यांनी दिलंय ते हसण्यासाठीच दिलंय."

"हो." काकूंनी नाक ओढलं. "आणि एक राहिलंच. तुझ्यासाठी निरोप आहे. आत नेत होते ना, तेव्हा स्ट्रेचरवरून ओरडून सांगत होते. मी म्हटलं, अहो, देवाचं नाव घ्या, हे काय भलतंच!"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सिस्टरला सांग, पैज तीच जिंकली. मला आता वाचायला वेळच मिळायचा नाही."