झमरीचा पासवर्ड

मलेशियातल्या इपोहच्या त्या ऑफिसात कुठलाही कॉम्प्युटर अपडेट करायचा तर पासवर्ड लागे, आणि तो एकट्या झमरीला ठाऊक. टेबलाटेबलावरून "आबांग", म्हणजे "दादा", अशा हाका यायच्या, हातावर कुईहची गोड वडी पडायची. नव्या सुरायाने सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हापासून त्याला कुणी विचारेना. झमरीचा नुसता जळफळाट.

आज अचानक सगळ्या स्क्रीन पासवर्ड मागू लागल्या. "आबांग, धावा!"

"ठेवा अजून कालच्या पोरीवर भरवसा!" म्हणत झमरीने चाळीस ठिकाणी पासवर्ड टाकला, चार वड्या हाणल्या. मग तिची चूक चव्हाट्यावर आणायला त्याने स्क्रिप्ट उघडली. अपडेट साध्या युजरच्या हक्कांत चालवणारी, म्हणजे प्रत्येक वेळी पासवर्ड मागायला लावणारी एक ओळ सकाळीच मुद्दाम घातलेली होती. शेजारी सुरायाची टीप: "फक्त आजच्यापुरतं. आबांगना हल्ली कुणी बोलावत नाही."