कोऱ्या कापडाचं द्रावण

तिसऱ्यांदा धागा तुटला, तेव्हा हेमलता मगदूमने यंत्र बंद केलं. उद्याच्या लग्नाचा शालू रीतीप्रमाणे दोन्ही घरांच्या जुन्या कपड्यांच्या द्रावणातून ओढलेल्या धाग्याचा करायचा होता. कपडे सुती कापड पचवणाऱ्या द्रवरूप मिठात विरघळले होते, पण द्रावण काकवीसारखं घट्ट झालं होतं आणि यंत्राच्या बारीक छिद्रांतून सरकतच नव्हतं.

“काकू, तुम्ही दिलेलं कापड जुनंच होतं ना?” तिने वैतागून वरमाईला विचारलं.

“हो.”

“धुऊन धुऊन झिजलेलं सूत असं घट्ट होत नाही. हे कोरं आहे. खोटं का बोलता?”

सरोजिनी चौगुल्यांनी हातातली पिशवी पोटाशी धरली. “जुने म्हणजे ह्यांचे हे दोन सदरे. ते गेल्यापासून एवढेच राहिलेत. विरघळवायला मन झालं नाही गं.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं? माझा अख्खा दिवस गेला!”

हेमलता तणतणत घरात गेली आणि स्वतःच्या दोन विरलेल्या चादरी घेऊन आली.

“कापड तुमच्याच घरचं हवं ना? मग आता मीही तुमच्या घरातली झाले. उद्या मला वरपक्षात बसवा,” ती म्हणाली. सरोजिनीबाईंनी मान डोलावल्यावरच तिने ते घट्ट द्रावण पातळ करायला चादरी आणखी थोड्या मिठात सोडल्या.