कुलपातला वड

लालबागच्या आमच्या चाळीमागच्या जुन्या वडाला सरकारी मान्यता मिळावी, म्हणून माझ्या आकांक्षाचा अख्खा वर्ग वर्षभर कचेरीत खेटे घालत होता. पोरांनी दारोदार सह्या गोळा केल्या, घोषणा देत फेरी काढली. शेवटी मान्यता मिळाली. लगेच वडाभोवती उंच लोखंडी कुंपण आलं, 'वारसा वृक्ष' अशी पाटी लागली आणि फाटकाला कुलूप.

वटपौर्णिमेला मी दादरच्या बाजारातून वडाची फांदी आणली, कुंडीत खोचली आणि पूजेला बसले. शाळेला निघालेली आकांक्षा ते बघून भडकलीच.

"आई, आम्ही झाडासाठी एवढे राबलो आणि तू तोडलेली फांदी विकत आणतेस? बाईंना कळलं तर काय म्हणतील?"

हातातला दोरा मी पाटावर आपटला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी त्याच वडाला फेऱ्या मारल्या गं. सगळी चाळ मारायची. एक पान कुणी तोडलं नाही. आज ताट घेऊन गेले, तर वॉचमन म्हणतो, झाड सरकारी आहे, लांब उभ्या राहा. सांग तुझ्या बाईंना, आयुष्यात पहिल्यांदा फांदी आणलीय मी."