भिंतीनं सांगितलेलं नाव

उद्घाटन झालं आणि रिवाजाप्रमाणे पाहुण्यांनी चौकातल्या नव्या भित्तिचित्रावर तळवा टेकवला. आताचे रंग चितारणारा हात लक्षात ठेवत, तळवा टेकवून विचारलं की त्याचं नाव सांगत.

"हनीफ शेख," भिंत म्हणाली.

टाळ्या थांबल्या. चित्रकार शशिकला येमूल खाली बघत राहिल्या. दोन वर्षं त्यांचा हात कापत होता. सगळं चित्र त्यांच्या मदतनिसानं, हनीफनंच काढलं होतं. आपण केलेली सही भिंतीला पुरेल, असं त्यांना वाटलं होतं.

गर्दीतून हनीफ मोठ्यानं म्हणाला, "बाईंचंच चित्र आहे. नवा रंग आहे, चुकतो कधी कधी."

लोक हसले. पाहुण्यांनी हार पुढे केला. खरं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मान वाकवून हार घालून घेतला. हनीफकडे मात्र त्यांना बघवलं नाही.