चिखलगुहेतले हातमोजे

खेळातल्या चिखलगुहेत 'सेनापती ढवळीकर' सकाळपासून अडकला होता. नगरपालिकेतून निवृत्त झाले तरी ढवळीकर साहेबांना खेळातसुद्धा हुद्दा सोडवला नव्हता. म्हणून तर प्रमिलाने त्यांना लगेच ओळखलं.

ब्राउझरमधला हा छोटा खेळ जिंकला की मोठ्या खेळात तलवार मिळते, एवढंच खेळाडूंना ठाऊक होतं. त्यांच्या प्रत्येक क्लिकसरशी बाजारपेठेखालच्या गटारात एक यंत्र खराखुरा गाळ उपसतं, हे नगरपालिकेने कुणाला सांगितलं नव्हतं. प्रमिलाने मात्र गुहेची वळणं पाहताच ते ओळखलं. ढवळीकरांच्या हाताखाली वीस वर्षं तिने तेच गटार उघड्या हातांनी उपसलं होतं. आता ती खेळाडूंना वाटा सांगणारी वेबसाइट चालवत होती, आणि साहेबांना रोज न चुकता सगळ्यात तुंबलेली वाट दाखवत होती.

"ताई, माझ्या सेनापतीचे हात सोलवटले हो," साहेबांनी लिहिलं. "हातमोजे कुठे मिळतात?"

हातमोजे पुढच्याच वळणावर होते. प्रमिलाने बोटांवरचे जुने व्रण पाहिले, हातमोज्यांसाठी केलेले आणि साहेबांनी परत पाठवलेले आपले अकरा अर्ज आठवले, आणि दर वेळी मिळालेलं उत्तर जसंच्या तसं टाइप केलं.

"अर्ज द्या. पुढच्या महिन्यात बघू. तोवर काम थांबता कामा नये."