सातव्या गव्हर्नरांची विजार

बेटाला धक्का नव्हता. नवा गव्हर्नर आला की त्याला होडीतून खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उतरवायचा मान बाळकू तांडेलचा. सहा उतरवले, एक वाटभर ओकला, एकाने घोड्याला मारावी तशी टाच मारली.

आजचा सातवा चांगला धिप्पाड, आणि बाळकूचे गुडघे सत्तरीचे. साहेब पडले, तर मान जावयाकडे जाणार होता.

साहेबांनी त्या थरथरत्या पायांकडे पाहिलं आणि बुटांसकट स्वतःच पाण्यात उतरले. बाळकूचा चेहरा पडला, मान गेलाच. पण वाळू दोन पावलांवर येताच साहेब थांबले आणि मला, त्यांच्या दुभाष्याला, म्हणाले, "मुनशी, याला सांगा, आता उचल."

बाळकूने त्यांना दिमाखात उचलून कोरड्या वाळूवर ठेवलं. ओल्या विजारीनिशी साहेबांनी सलामी घेतली.

"मुनशीजी," बाळकू माझ्या कानाशी म्हणाला, "आठवा साहेबही याच घरातला मागवा."