फाटकाशी थांबलेली वाट

ग्रामसेविका निलोफर मुजावर टेप घेऊन केरबा पाटलांच्या फाटकाशी वाकल्या. पंचायतीच्या नकाशात नसलेली एक पक्की वाट पाटील भावांच्या सामाईक बागेतून निघून थेट इथवर उगवली होती.

"मी काय अर्ज केला नव्हता," केरबा म्हणाले.

"अर्जावर वाढत नाही हा रस्ता, काका. सलग चाळीस दिवस एकाच जागी पावलं पडली की उगवतो. चालणं थांबलं की पुन्हा माती."

"कुणाची पावलं?"

"रस्त्याला नाव कळत नाही. पण बघा, उजवं पाऊल जड पडलंय, डावं हलकं."

केरबा वाटेकडे बघतच राहिले. त्यांचे थोरले भाऊ म्हादबा डाव्या पायाने लंगडत. बागेला आईचं नाव द्यायचं की वडिलांचं, यावरून दोघं भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते.

वाट फाटकाच्या दोन पावलं अलीकडे संपली होती.

"महिन्याच्या फलकावर कामं लिहायचीत," निलोफर म्हणाल्या. "ही अपूर्ण म्हणून लिहिते."

केरबांनी फाटकाची कडी काढली आणि पायात चपला सरकवल्या.

"चाळीस दिवस थांबा, म्याडम. मग लिहा."